फोंड्याच्या नळापासून दूधसागरापर्यंत: आईबरोबरची जीपसफर

आमच्या घरी पहाटे पाच वाजता पहिला आवाज होतो तो नळाचा. आई उठून स्वयंपाकघरातला नळ सोडते, पितळेची कळशी खाली धरते आणि पहिली ओंजळ उजेडात धरून बघते. गोव्यात आमच्या फोंड्याला हे पाणी ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्रातून येतं, आणि ओपाला येतं खांडेपार नदीतून. जूनच्या पहिल्या पावसात ते तांबूस दिसलं की आई म्हणते, "वर डोंगरात बराच पडलेला दिसतोय." तो वरचा डोंगर तिने खालून कधी पाहिला नव्हता. लग्नानंतर हुबळीला जाताना आगगाडीच्या खिडकीतून दूधसागर धबधबा डोळ्यांसमोरून सरकला होता, तेवढाच. यंदा दिवाळीला तिने स्पष्ट सांगितलं, "मला कपडे नकोत, दागिना नको. हे पाणी येतं कुठून ते एकदा पायथ्याला उभं राहून बघायचंय."

आईचं वय ७१. उजवा गुडघा कुरकुरतो. धबधब्याच्या पायथ्याशी जायचं तर कुळे गावातून जंगलातल्या वाटेने जीपने जावं लागतं, आणि ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येकाने "जीपमध्ये हाडं खिळखिळी होतात" असं सांगून तिला घाबरवायचा प्रयत्न केला. म्हणून हा दिवस नीट मांडून लिहिते आहे. घरातल्या वयस्कर माणसाला न्यावं की नेऊ नये, या विचारात माझ्यासारखे बरेच जण असतील.

रुळांवरून चालत जायचा रस्ता आता विसरायचा. कुळेहून रुळांच्या कडेने बोगद्यांतून चालत जाणारी एक पिढी होती, माझे मामाही त्यातलेच. पण रेल्वेच्या हद्दीत असं शिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. जुलै २०२३ मध्ये पावसाळी गर्दीला तिथून परत पाठवल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या असतील. त्या बोगद्यात गाडी आली तर अंग चोरायला जागा नसते, त्यामुळे हे थांबलं ते चांगलंच झालं. जीपचा रस्ता पावसाळ्यात बंद असतो आणि नदी उतरली की सुरू होतो. ऑक्टोबरमध्ये पाणी भरपूर असतं, पण भरवशाचं नसतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये पाणी अचानक वाढून धबधब्याजवळचा पायपूल मोडला आणि चाळीसच्या वर पर्यटक पलीकडे अडकले. जीवरक्षकांनी त्यांना सुखरूप काढलं. ते डोक्यात असल्यामुळे मी डिसेंबरचा दुसरा आठवडा धरला, आणि त्यातही शुक्रवार. शनिवार-रविवारच्या गर्दीत आईला खडकांवरून नेणं मला जमलं नसतं.

आई, मी आणि अकरावीतला भाचा असे तिघे सहा वाजता निघालो. खांडेपारच्या पुलावर आईने काच खाली केली. नदीवर धुकं होतं. "हीच ना ती?" तिने विचारलं. "हीच. आता आपण हिच्या वरच्या अंगाला चाललोय." उसगाव-तिस्क, धारबांदोडा, मोले करत तासाभरात कुळ्याला पोचलो. स्टेशनजवळच्या हॉटेलात पातळ भाजी आणि उंडे, म्हणजे गोल पाव, खाल्ले, पण पोटाला तडस लागेल इतके नाही. रिकाम्या पोटी गाडी लागते आणि भरल्या पोटी त्याहून जास्त लागते.

जीपच्या काउंटरवरचं काम सोपं आहे, धीर मात्र हवा. नाव आणि ओळखपत्र द्यायचं, पैसे भरायचे, लाइफ जॅकेट घ्यायचं आणि नंबर यायची वाट बघायची. एका जीपमध्ये सात प्रवासी बसतात आणि भाडं अख्ख्या गाडीचं असतं, त्यामुळे तिघे असलात तर आणखी चौघांची सोबत शोधावी लागते. आम्हाला कोल्हापूरचं एक कुटुंब मिळालं, नवरा-बायको आणि दोन मुली. ताईंनी आईला पाहिल्याबरोबर "काकू, तुम्ही आमच्या मुलींच्या मधे बसा" म्हटलं आणि तिथेच सात जणांचा एक गट झाला. लाइफ जॅकेट कोरं असो की मळकं, त्याचे तिन्ही पट्टे स्वतः ओढून बघा. आईच्या जॅकेटचं एक बक्कल लागत नव्हतं. सांगितल्यावर लगेच बदलून मिळालं.

आमचे चालक कुळ्याचेच, पन्नाशीचे. २०१२ ला खाणी बंद पडेपर्यंत ते खनिजाचा ट्रक चालवायचे, त्यानंतर ही जीप. गाडी महिंद्राची, चारही चाकांना जोर देणारी, बाहेरून खरचटलेली आणि आतून स्वच्छ. आई पुढच्या सीटवर चढायला लागली तशी त्यांनी तिला थांबवलं. "मावशी, पुढे नको. मधल्या रांगेत बसा." कारण विचारलं तर म्हणाले, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध गाडी सगळ्यात कमी उसळते. मागच्या चाकांवर बसणारा छताला लागतो. मग त्यांनी आणखी तीन गोष्टी सांगितल्या. कोपर आणि बोटं बाहेर नकोत, कारण बांबूचे फोक सपकन लागतात. वरची दांडी धरायची, दार धरायचं नाही. आणि अंग ताठ करायचं नाही. "पोत्यासारखं बसा. जो ताठ बसतो त्याची कंबर जाते." आई परतीपर्यंत अगदी तशी सैल बसून होती, आणि दुसऱ्या दिवशी तिची नव्हे, माझी पाठ दुखली.

कुळ्याची घरं संपली की रस्ता भगवान महावीर अभयारण्यात शिरतो. हे अभयारण्य सुमारे २४० चौरस किलोमीटरचं, आणि त्याच्या पोटात १०७ चौरस किलोमीटरचं मोले राष्ट्रीय उद्यान. वनखात्याच्या नाक्यावर तिकीट आणि पिशव्यांची तपासणी झाली. पाण्यासाठी आम्ही स्टीलच्या बाटल्या नेल्या होत्या. नाक्यापुढचा रस्ता म्हणजे तांबड्या मातीत उघडे पडलेले खडक, झाडांची मुळं आणि पावसाने कोरलेल्या घळी. दोन्ही बाजूंना ऐन आणि किंदळ. ऐनाला आम्ही माट्टी म्हणतो, गोव्याचा राज्यवृक्ष तोच. सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली त्याची साल आईने लांबूनच ओळखली.

दहा-बारा किलोमीटरच्या या वाटेला पाऊण तास लागतो. जीपचा वेग साधारण सायकलीइतका, काही ठिकाणी तर माणसाच्या चालण्याइतका. मला वाटलं होतं हे सगळं धडाडत जाण्याचं काम असणार. प्रत्यक्षात मी इतकं सावकाश आणि इतकं विचारपूर्वक गाडी चालवणं कधी पाहिलं नव्हतं. रस्त्याच्या मधे मोठा धोंडा आला तर माझ्यासारखा शहरी चालक तो दोन चाकांच्या मधे घेईल. आमचे चालक नेमकं उलटं करत होते, चाक हळूच धोंड्यावर चढवत होते. गाडीचा सगळ्यात खाली लोंबणारा भाग म्हणजे आसाच्या मधला डिफरन्शियलचा, म्हणजे गिअर आणि तेल भरलेला, गोळा. धोंडा मधे घेतला तर तो गोळाच आपटतो. चाक वर गेलं की त्याच्याबरोबर आसही उचलला जातो. स्टिअरिंग धरताना त्यांचे दोन्ही अंगठे चक्राच्या बाहेर होते. चाक दगडाला अडलं की स्टिअरिंग उलटा हिसका देतं आणि आत अडकलेला अंगठा मोडतो, हे त्यांनी भाच्याला करून दाखवलं. भाचा लायसन्सच्या वयाकडे डोळे लावून बसलेला, तो नंतर खिडकीबाहेर बघेनाच. त्याची नजर त्या हातांवरच होती.

मग पहिली नदी आली.

पाण्याच्या काठावर जीप थांबली. इंजिन चालू, पण चालक नुसतेच बघत राहिले. पलीकडून एक जीप येत होती, तिची चाकं कुठे किती बुडतात ते त्यांनी पाहिलं. मग प्रवाहातल्या एका काळ्या खडकाकडे बोट केलं. "त्याचं डोकं दिसतंय तोवर जायचं. डोकं बुडलं की मी गाडी वळवतो, पॅसेंजर काहीही म्हणो." आईकडे वळून ते म्हणाले, "भियेनाकात मावशी, आयज उदक देंवलां." आज पाणी उतरलंय.

नदी ओलांडायला त्यांनी निवडलेली जागा सगळ्यात रुंद होती, हे माझ्या लक्षात आलं. अरुंद जागी पाणी खोल असतं आणि तळ गाळाचा. पात्र रुंद होऊन पाणी खळखळत पसरतं तिथे ते उथळ असतं आणि खाली गोटे असतात. खळखळाट म्हणजे तळ वर आलाय. लो गिअर आधीच टाकलेला. पाण्यात गिअर बदलायचा नाही, क्लच दाबायचा नाही, थांबायचं नाही. जीप तिरकी शिरली, आणि तिच्या तोंडापुढे पाण्याची एक लाट उभी राहिली. चालकांनी वेग असा धरला की ती लाट पुढे पळू नये आणि मोडूही नये. त्या लाटेच्या मागे इंजिनापाशी पाणी खाली दबतं. वेग वाढवला तर पाणी थेट आत उसळतं, कमी केला तर लाट परत फिरते. दाराच्या फटीतून पाणी आलं आणि पावलांवरून वाहत गेलं. कोल्हापूरच्या मुली किंचाळल्या. आईने चपला काढल्या आणि पाय तसेच पाण्यात ठेवले. मी तिचा चेहरा बघत होते. देवळाच्या पायरीवर पाय धुताना असतो तसा होता.

पलीकडे चढताच चालकांनी तीन-चारदा ब्रेक हलके दाबले. ओले ब्रेक धरत नाहीत, चोळून वाळवावे लागतात. पुढे उतार होता.

माझ्या मनात मात्र एक प्रश्न टोचत होता, तो विचारल्याशिवाय राहवेना. हेच पाणी खाली वाहत ओपाला जातं. या गाड्यांचं तेल? चालकांना राग आला नाही. पुढच्या सपाट जागी त्यांनी जीप थांबवली, भाच्याला खाली उतरवलं आणि आसाखाली वाकून गोळा दाखवला. कोरडा होता. ते म्हणाले, डोंगर चढून आस तापलेला असतो. तो एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सील जुनं असेल तर पाणी आत ओढून घेते. मग तेल फेसाळतं, पांढरं होतं. "दूधसागरासारखं," असं म्हणून ते थांबले आणि गंभीरपणे म्हणाले, "तेल पांढरं झालं म्हणजे पाणी आत आलं. ज्या वाटेने पाणी आत येतं, त्याच वाटेने तेल बाहेर जातं. म्हणून मी दर आठवड्याला नट उघडून बघतो. माझ्या घरीसुद्धा पाणी इथलंच." प्रत्येक चालक इतका काटेकोर असेल का, हे मला सांगता येणार नाही. पण ओलांडायच्या जागा कमी व्हाव्यात आणि सगळ्याच गाड्यांची अशी तपासणी सक्तीची व्हावी, असं मला मनापासून वाटतं. मी स्वतः त्याच पाण्यातून जीपने गेले, त्यामुळे ही जबाबदारी माझ्यावरही येते.

जीप थांबते तिथून धबधब्यापर्यंत साधारण किलोमीटरभर चालायचं असतं, आणि सगळ्यात अवघड भाग हाच. जीपची भीती घालणाऱ्या कोणीही मला याबद्दल सांगितलं नव्हतं. सुरुवातीला सावलीतली पायवाट, मग ओबडधोबड पायऱ्या, छोटे पूल, आणि शेवटी नुसते धोंडे, त्यातले काही हजारो पावलांनी गुळगुळीत झालेले. तरुण माणूस पंधरा-वीस मिनिटांत पोचतो, आम्हाला पाऊण तास लागला. चालकांनी निघतानाच आईच्या हातात एक काठी दिली होती आणि मला सांगितलं होतं, "हात धरून ओढू नका. पुढे उभ्या राहा, त्यांना तुमच्या खांद्यावर हात ठेवू दे." हे फार उपयोगी पडलं. हात धरला की दोघांचा तोल एकमेकींवर अवलंबून राहतो. खांद्यावर हात असला की पाऊल कुठे टाकायचं ते तीच ठरवते. पट्ट्याच्या रबरी तळाच्या सँडल, सलवार-कुर्ता, खांद्याला अडकवलेली पिशवी, दोन्ही हात मोकळे. खाण्याचं काहीही हातात दिसेल असं ठेवू नका. माकडं पिशवीची चेन उघडतात, हे आमच्यासमोर घडलं.

झाडी एकदम संपली आणि समोर तो होता. ३१० मीटर उंच. आकडा मला आधीपासून माहीत होता, पण मान मागे टाकूनही माथा दिसत नाही तेव्हा त्याचा अर्थ लागतो. डिसेंबर असूनही पाणी चार टप्प्यांनी पसरत येत होतं, वरच्या टप्प्यावर इतकं संथ की ते पडतंय की लटकलंय कळेना, आणि खालच्या डोहात पोचेपर्यंत धूर झालेलं. आई एका खडकावर बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग काठापर्यंत गेली, पण पाय पाण्यात घातले नाहीत. दोन बोटं बुडवून डोळ्यांना लावली.

जवळच एका तरुणाने शाम्पूची पुडी दातांनी फाडायला घेतली. मी उठणार तेवढ्यात आई काठी टेकत त्याच्यापर्यंत पोचली. "बाळा, हे पाणी खाली आमच्या नळाला येतं. मी रोज सकाळी यानेच देवाची पूजा करते." तिच्या आवाजात राग नव्हता. तो मुलगा ओशाळला, पुडी खिशात टाकली आणि वाकून तिच्या पाया पडला. तिथल्या जीवरक्षकाने हे पाहिलं आणि आईसाठी सावलीतली जागा करून दिली. तीच मंडळी डोहाच्या खोल भागाकडे कोणाला जाऊ देत नव्हती. पाणी अंग बधिर करेल इतकं गार आहे, त्यामुळे लाइफ जॅकेट काढून पोहण्याचा हट्ट खरंच करू नये.

साडेअकराच्या सुमारास वरून घरघर ऐकू आली. धबधब्याच्या मधल्या उंचीवर दगडी कमानींचा पूल आहे, त्यावरून मालगाडी निघाली. मुंगीसारखी, पण लांबच लांब. मुरगावहून घाटावर जाणारा हा लोहमार्ग १८८८ मध्ये, पोर्तुगीज अमदानीत सुरू झाला. कुळे ते कॅसलरॉक हा चढ ३७ फुटांना एक फूट इतका उभा, त्यामुळे कुळ्याला गाडीला जादा इंजिनं जोडून तिला मागून रेटतात. "आम्ही तिथून गेलो होतो," आई बोट दाखवत म्हणाली, "तुझे बाबा मला हलवून उठवत होते." एवढंच बोलून ती परत पाण्याकडे बघायला लागली.

याच रुळांशेजारी दुसरा मार्ग टाकायचं ठरलं, त्याच्या जोडीला उच्च दाबाची वीजवाहिनी आणि महामार्गाचं रुंदीकरण. २०२० मध्ये त्याविरुद्ध गोव्यातली तरुण मुलं रस्त्यावर उतरली. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. त्या वेळी घरी बसून बातमी वाचताना मला तो जंगलाचा प्रश्न वाटला होता. त्या खडकावर बसल्यावर तो आमच्या स्वयंपाकघराचा वाटला. पावसाळा संपून दोन महिने झाले तरी या कड्यावरून पाणी येतंय, कारण वरचं रान ते धरून ठेवतंय आणि थोडंथोडं सोडतंय.

परतीला त्याच नदीत एक जीप मधोमध बंद पडलेली दिसली. आतले प्रवासी "स्टार्टर मारा" म्हणून ओरडत होते, चालक मात्र किल्लीला हात लावत नव्हता. आमच्या चालकांनी मान हलवली. "बरोबर करतोय." डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, त्यामुळे शिंतोड्यांनी त्याला फारसं काही होत नाही. पण हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल आणि वरून स्टार्टर मारला, तर पाणी हवेसारखं दबत नाही, आतला दांडाच वाकतो. आमच्या जीपला दोर बांधून त्यांनी ती गाडी मागे ओढून काढली. या सगळ्यात वीस मिनिटं गेली, आणि कोणीही कुरकुर केली नाही. कोल्हापूरच्या ताईंनी तेवढ्यात सगळ्यांना चिक्की वाटली.

काउंटरवर जॅकेटं परत केली. आईने काठी परत करायला पुढे केली तर चालक म्हणाले, "असू दे मावशी, पुढच्या वेळेला घेऊन या." आता ती दाराच्या मागे उभी असते.

संध्याकाळी खांडेपारच्या पुलापाशी आईने गाडी बाजूला घ्यायला लावली. आम्ही तिघं कठड्याशी उभे राहिलो. नदी इथे रुंद, हिरवट, जवळजवळ न हलणारी. "सकाळी मी हात लावला ते पाणी इथपर्यंत आलं असेल का गं?" तिने विचारलं. भाचा मोबाइल काढून अंतर आणि वेग मांडायला लागला. आईने त्याचं उत्तर येईपर्यंत वाट पाहिली नाही. "चल लवकर," ती म्हणाली, "साडेसातला नळ येतो, कळशी घासायची राहिलीय."